तिरकी अक्षरं, उभी अक्षरं

हनुमंत कोळपे नेमकं काय काम करतो, हे निमोणे गावात कुणालाच धड सांगता यायचं नाही. त्याची बायको सुषमा अंगणवाडीत सेविका, चार माणसांत बोलायची सवय असलेली बाई. पण तिलाही नाही. कुणी विचारलंच तर "शिरूरला कंप्युटरवर इंग्लिश छापत्यात" एवढं म्हणून ती पोरांच्या खिचडीकडं वळायची. एकदा त्याच्या वडिलांनी, गेणबांनी, ओट्यावर बसल्या बसल्या त्याला सरळच विचारलं होतं.

"आरं, दिसभर तू करतूस तरी काय तिथं?"

"आबा, परदेशातली शास्त्रज्ञ माणसं लेख लिहित्यात. कशीबी लिहित्यात. मी ते नियमात बसवून छापायला देतो."

"म्हंजी त्यांच्या चुका काढतूस व्हय?"

"न्हाई ओ. त्यांचं शास्त्र मला कुठं कळतंय? कुठलं अक्षर उभं पायजे आन् कुठलं तिरकं, तेवढं बघायचं."

गेणबांनी तंबाखू मळता मळता जरा विचार केला. "आन् तेवढ्यासाठी माणूस लागतो?"

हनुमंत हसला होता. तेव्हा लागत होता.

आजोबांपर्यंत कोळप्यांचं घर मेंढरांमागंच हिंडलेलं. घोड नदीच्या कालव्याचं पाणी शिवारात आलं तसा गेणबांनी कळप विकला आणि ते मातीला चिकटले. पोरानं शिकावं अशी त्यांची फार इच्छा. हनुमंतनं शिरूरला अकरावी-बारावी सायन्सला नाव घातलं आणि बारावीला फिजिक्समध्ये सपाटून आपटला. पुन्हा बसला, पुन्हा तेच. घरी तोंड कसं दाखवायचं म्हणून बाजारपेठेतल्या सोपानरावांच्या छापखान्यात शिकाऊ जुळारी म्हणून लागला. शिशाचे खिळे, म्हणजे सुटी अक्षरं, एकेक करून पट्टीत लावायचे, उलटं वाचायचं, लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं छापायची. सोपानराव तापट होते, पण हाताला वळण लावणारे. दोन शब्दांमधली मोकळी जागासुद्धा शिशाचीच असते, ती मोजून लावावी लागते, हे हनुमंतनं त्यांच्याकडं शिकून घेतलं. पुढं खिळे भंगारात गेले, छापखान्यात संगणक आला. सोपानरावांनी जमवून घ्यायला साफ नकार दिला. हनुमंतनं मात्र जमवलं.

मग पुण्याच्या एका कंपनीनं शिरूरच्या एसटी स्टँडजवळ कापडाच्या दुकानावरचा मजला भाड्यानं घेतला आणि तिथं शाखा काढली. युरोपातल्या एका प्रकाशनाची नियतकालिकं पानांवर लावून द्यायची, तीही पदार्थविज्ञानाची. ज्या विषयानं आपल्याला दोनदा आपटलं तोच विषय आता रोज समोर येणार, हे पाहून कामावरच्या पहिल्या दिवशी हनुमंत धास्तावला. पण इथं गणित सोडवायचं नव्हतं. त्याला नियमांचं एक जाड बाड मिळालं, आणि ते वाचताना त्याला वाटलं, हे आपल्याला येईल.

नियम तसे साधे होते. आकडा आणि त्याचं एकक यांच्यात बारीक फट हवी. दोन शब्दांत असते तेवढी मोठी नको आणि चिकटूनही नको. उणेचं चिन्ह लांब, जोडशब्दातली रेघ आखूड. एकीच्या जागी दुसरी चालत नाही. गुणिल्याची फुली म्हणजे इंग्रजी एक्स नव्हे. फार मोठा किंवा फार लहान आकडा लिहायचा तर दशांश चिन्हाआधी एकच अंक, मग फुली, मग दहा आणि दहाच्या डोक्यावर त्याचा घात. जी राशी मोजायची ती तिरक्या अक्षरात, तिचं एकक उभ्या अक्षरात. तिरका एम म्हणजे वस्तुमान, उभा एम म्हणजे मीटर. अक्षराच्या पायाशी लावलेलं छोटं अक्षर एखाद्या शास्त्रज्ञाच्या नावाचं असेल तर तेही उभं. आणि एवढं सगळं करून प्रत्येक नियतकालिकाचे आपापले हट्ट असायचे ते निराळेच.

लेखक लोक यातलं काही पाळत नसत. त्यांचं सगळं लक्ष आत काय सांगायचंय त्यावर असायचं. हनुमंत पानावरून नजर फिरवायचा आणि चुकीच्या जागी तिरकं पडलेलं अक्षर त्याला भातातल्या खड्यासारखं लागायचं. ते नीट केलं की पान शांत व्हायचं. हा त्याचाच शब्द होता. "हे पान आता शांत झालं," असं तो म्हणायचा.

रश्मी रणपिसे त्या कचेरीत आली ती फिजिक्समध्ये एमएस्सी होऊन. दौंडची पोरगी, वडील ज्ञानदेव रेल्वेत होते. तिला संशोधन करायचं होतं. पुण्यात मुलाखती दिल्या. एका ठिकाणी मार्गदर्शकाकडं जागा नव्हती, दुसरीकडं नाव प्रतीक्षायादीत राहिलं ते राहिलंच. मग वर्ष वाया नको म्हणून ही नोकरी धरली, शिरूरला खोली घेतली, आणि ते वर्ष काही संपलं नाही. तिला काम हनुमंतनंच शिकवलं. बदल्यात दुपारच्या चहाला ती त्याला लेखात काय लिहिलंय ते सांगायची.

"सर, हा आकडा बघा. दहाचा उणे चौतिसावा घात. तुम्ही रोज लावता तो."

"व्हय. लई येतो हा."

"केवढा लहान आहे म्हायतीये? धुळीच्या कणाचे तुकडे करत बसलात ना, जन्म संपंल तरी इतकं लहान काही हाती लागणार नाही."

हनुमंत कपातला चहा विसरून ऐकत राहायचा. बारावीला असं कुणी सांगितलं असतं तर, हे त्याच्या मनात यायचं, पण तो बोलून दाखवायचा नाही. रश्मीच्या मनात काय यायचं हे तिलाच ठाऊक. एखाद्या लेखावर लेखकांची नावं वाचताना ती जरा जास्तच वेळ थांबायची, तेवढं त्यानं पाहिलं होतं.

सगळं सुरळीत चाललं असताना पुण्याहून एक साहेब आला. कंपनी नवीन सॉफ्टवेअर आणतेय म्हणाला. लेख आत टाकला की नियमांप्रमाणं लावलेलं पान बाहेर. पण सध्या ते कच्चं आहे, त्याला शिकवावं लागेल. त्यासाठी कचेरीतला सगळ्यात अनुभवी माणूस पाहिजे. सगळ्यांनी हनुमंतकडं पाहिलं. त्या संध्याकाळी तो निमोण्याला पोचला तेव्हा, एरवी अबोल माणूस असूनही, सुषमाला त्यानं चार वेळा सांगितलं की साहेबानं सगळ्यांसमोर त्याचं नाव घेतलं.

काम असं होतं. यंत्र पान लावायचं, हनुमंतनं त्यातली चूक दाखवायची आणि ती चूक का, हेही लिहायचं. नियम बाडात होतेच, पण बाडात नसलेलं बरंच काही त्याच्या हातात होतं. कुठं नियम मोडायचा, कुठं दोन नियम एकमेकांच्या आडवे येतात, लेखकाला शंका विचारताना ती कशी विचारायची. तो एकेक आठवून, जुनी पानं काढून लिहीत होता. रश्मीनं काही दिवस बघितलं आणि मग एकदा जिन्यात त्याला गाठलं.

"सर, सगळं नका सांगू त्याला."

"का?"

"का म्हंजे काय? ते शिकलं की आपलं काय काम इथं?"

हनुमंत कठड्याला हात लावून उभा राहिला. तिचं म्हणणं त्याला कळत नव्हतं असं नाही. त्यालाही रात्री जाग आली की हेच दिसायचं. पण तो म्हणाला, "आगं, आर्धं सांगितलं तर ते आर्धंच शिकंल. मग चुकीचं छापलं जाईल ना."

"जाऊ दे की."

"ते न्हाई जमायचं मला."

रश्मी जिना चढून वर गेली. त्यानं सगळं शिकवलं. हातचं राखून काही ठेवलं नाही.

पावसाळा संपता संपता शाखा बंद झाली. साहेब स्वतः आला नाही, फोनवरच बोलला. पुण्यातनं एक टेंपो आला, दोन माणसांनी संगणक गोधडीत गुंडाळून खाली नेले. टेबलं भाड्याची होती, ती तशीच राहिली. यंत्रानं लावलेली पानं तपासायला कंपनीनं एक माणूस ठेवला, घरून काम करणारा. डिग्री लागते म्हणून ती जागा रश्मीला मिळाली. तिचं तोवर लग्न झालं होतं, पदरी तान्ही लेक होती, नवरा जवळच कुरकुंभला कारखान्यात, म्हणून ती दौंडला माहेरी गेली. जाताना तिला हनुमंतच्या नजरेला नजर देता येईना. "तुलाच मिळायला पायजे व्हती," असं तो म्हणाला, आणि ते त्यानं मनापासून म्हटलं.

त्यानंतर तो शिरूरमध्ये पंधरवडाभर दुकानं पालथी घालत होता. छपाईची दुकानं आता सगळी फ्लेक्सची. वाढदिवसाचे फोटो कापायला त्यांना पोरं हवी होती, पन्नाशी ओलांडलेला माणूस नको होता. शेवटी बापूसाहेबांनी त्याला ठेवला. बापूसाहेबांचे क्लासेस होते, अकरावी-बारावी आणि प्रवेशपरीक्षांची तयारी. दर आठवड्याला चाचणी आणि तिच्या प्रश्नपत्रिका टाइप करायच्या.

पहिलीच फिजिक्सची प्रश्नपत्रिका आली तशी हनुमंतनं ती परदेशी नियतकालिकाला पाठवायची असावी तशी लावायला घेतली. राशी तिरक्या, एककं उभी, फटी बारीक. चाचणीची वेळ झाली आणि पोरं जिन्यावर ताटकळत बसली. बापूसाहेब आत आले.

"मामा, झालं का न्हाई?"

"दोन प्रश्न राहिल्यात. ह्या घातांचं जरा—"

"आहो, पोरं खोळंबल्यात. द्या जसं हाय तसं."

कागद झेरॉक्स मशीनवर गेला. मशीन म्हातारं झालेलं. बाहेर आलेल्या प्रतींवर हनुमंतच्या बारीक फटी बुजल्या होत्या, काही ठिकाणी दशांश चिन्हंच उडाली होती आणि दहाच्या डोक्यावरचे उणे धुरकटून गेले होते. फिजिक्सच्या सरांनी वर्गाच्या दारात उभं राहून सांगितलं, "तिसऱ्या प्रश्नात दहाच्या डोक्यावर उणे आठ समजा रे." पोरांनी पेनानं तेवढं करून घेतलं आणि सोडवायला लागली. कुणाचं काही अडलं नाही.

हेच पुढंही होत राहिलं. हनुमंत घाई करायला शिकला, पण हात ऐकायचा नाही. एक्स टाकून पुढं गेला की मागं येऊन फुली करायचा. दिवाळीच्या सुट्टीनंतर बापूसाहेबांनी त्याला चहा पाजला आणि मोबाइल पुढं केला. त्यांच्या भाच्यानं त्यावर प्रश्नपत्रिका काढून दाखवली होती, प्रश्नांसकट, उत्तरांसकट.

"मामा, तुमच्या कामाला नाव ठेवायला जागा न्हाई," बापूसाहेब म्हणाले. "पर बघा तुम्हीच."

हनुमंतनं बघितलं. पान बरं होतं. भांडावं असं काही त्यात नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून तो क्लासला गेला नाही.

तरी एक आशा त्याच्या मनात चिवटपणे उरली होती. क्लासचं सोडा, तिथं जाडंभरडं चालतं. पण लेखांचं काम नाजूक. तिथं यंत्र अडखळतच असणार, रश्मी एकटी मेटाकुटीला आली असणार, आणि तिनं कंपनीला एक शब्द टाकला तर तपासायला आणखी एक माणूस लागेल. सुषमानं ऐकून घेतलं. "जाऊन तरी या," म्हणाली. त्यानं रश्मीला फोन केला, ती म्हणाली, "या ना सर, कधीपण या."

सकाळी निमोण्याहून इनामगावापर्यंत जीप आणि पुढं मिळेल त्या वाहनानं तो गेला. दौंडला पोचेपर्यंत उन्हं डोक्यावर आली होती. रेल्वे लाइनीच्या पलीकडं रणपिश्यांचं घर. रश्मीची आई ताईबाई दारातच भेटल्या, त्यांच्या कडेवर रश्मीची लेक. आतल्या खोलीत बुद्धाच्या तसबिरीखाली टेबल, टेबलावर लॅपटॉप. रश्मी वाळली होती. बोलता बोलताही तिचं बोट चालूच होतं. एक पान, टिचकी, दुसरं पान, टिचकी.

"वाचत न्हाईस?" हनुमंतनं विचारलं.

"वाचायला वेळ कुठं देतात सर? दिवसाचा कोटा बांधलेला आहे. मान्य, मान्य करत जायचं."

"मग चुका राहात असतील."

रश्मीनं खुर्ची सोडली. "तुम्हीच बघा," ती म्हणाली. "बसा."

तो बसला. चष्मा पुसला. अतिशीत वायूंवरचा कुठलासा लेख होता, समीकरणांनी गच्च भरलेला. त्यानं पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. ताईबाईंनी पोहे आणून ठेवले, ते गार झाले. त्यानं पान उलटलं, आणखी एक उलटलं. एकही अक्षर त्याला खड्यासारखं लागलं नाही. फटी जिथल्या तिथं. उणे लांबच्या लांब. जिथं दोन नियम आडवे येत होते तिथंही यंत्रानं बरोबर बाजू धरली होती, जी बाजू तो स्वतः धरायचा.

मग एका तक्त्यात त्याला सापडलं. एककातलं मोठं अक्षर लहान पडलं होतं. मोठा एम असेल तर दहा लाख पट, लहान असेल तर हजारावा भाग, जमीन-अस्मानाचा फरक. हनुमंत ताठ झाला. "हे बघ, रश्मी, हे बघ!"

रश्मी वाकली आणि तिनं समासावर बोट ठेवलं. यंत्रानं ते आधीच पकडलं होतं. लेखकाला शंकाही विचारून ठेवली होती: आपणास तसदी देत आहोत याबद्दल क्षमस्व, येथे मोठे अक्षर अभिप्रेत असावे असे वाटते, कृपया एकवार पाहावे. इंग्रजीत होतं, पण हनुमंतनं ते दोनदा वाचलं. ते वाक्य त्याचं होतं. शिकवताना त्यानंच तसं लिहिलं होतं, त्याच आर्जवासकट.

लेक रडायला लागली तशी रश्मीनं तिला घेतलं.

"तुम्ही सगळंच सांगितलंत त्याला, सर," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता.

"व्हय," हनुमंत म्हणाला. "सगळं सांगितलं."

ज्यासाठी आला होता तो विषय त्यानं काढलाच नाही. पोहे संपवले, लेकीच्या हातात नोट ठेवली आणि निघाला. परतीच्या वाटेवर जीपमध्ये शेजारचा माणूस कांद्याच्या भावाबद्दल बोलत होता आणि हनुमंत त्याला व्हय व्हय म्हणत होता. घरी आल्यावर सुषमानं तोंडाकडं बघितलं आणि ताट वाढलं.

संक्रांतीच्या सुमारास निमोण्याच्याच एकाच्या ओळखीनं त्याला सणसवाडीला काम लागलं. गाड्यांचे सुटे भाग बनवणारा कारखाना. खोक्यांवर चिकटवायची लेबलं छापायची आणि चिकटवायची. पहाटेची बस, दिवसभर उभं राहणं. बरोबरची पोरं बहुतेक बिहार-ओडिशाकडची, त्याला चाचा म्हणायची. पहिल्या आठवड्यात त्यानं सुपरवायझरला सांगून पाहिलं की किलोग्रॅमचं चिन्ह असं सगळं मोठ्या अक्षरांत लिहीत नाहीत, आणि आकड्याला चिकटवत तर नाहीतच. सुपरवायझर तरुण होता, स्वभावानं चांगला. "चाचा, फॉर्मॅट लॉक है," तो म्हणाला. "कस्टमर का है. हम कुछ नहीं कर सकते." हनुमंतनं मान डोलावली. नंतर खोकी पुढं सरकताना तो लेबलांकडं बघायचं टाळायचा, पण नजर जायचीच. मग काही महिन्यांनी ती जायचीही थांबली. कधी थांबली ते त्याला कळलं नाही. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत हे त्याच्या लक्षात आलं आणि हातातली भाकरी तशीच धरून तो थोडा वेळ बसून राहिला.

उन्हाळ्यात रश्मीचा फोन आला. तपासणीचं कामही कंपनीनं बंद केलं होतं. नवऱ्याच्या कारखान्यात काम कमी झालं होतं. तिनं शाळांमधून अर्ज केले होते, पण बीएड पाहिजे म्हणतात.

"सर, तुमच्याकडं काही असलं तर विचाराल का? काहीपण चालेल. पॅकिंगपण चालेल."

"आगं, एमएस्सी झालेली पोरगी तू—"

"विचारा ना सर."

त्यानं विचारलं. सुपरवायझरनं आतल्या ऑफिसात जाऊन चौकशी केली. बायका घेत होते, पण वीस-बाविशीच्या, आणि शक्यतो लग्न न झालेल्या. रजा मागत नाहीत म्हणून. लहान मूल आहे म्हटल्यावर ऑफिसातल्या माणसानं कागदावरून मानही वर केली नाही.

हे तिला सांगायला हनुमंतला दोन-तीन दिवस लागले. बस शिक्रापूर सोडून शिरूरकडं निघाली होती, खिडकीतून गरम वारा येत होता, तेव्हा त्यानं फोन लावला. आधी ताईबाईंच्या गुडघ्यांचं विचारलं, मग लेकीचं. रश्मी सांगत राहिली. मग ती थांबली.

"विचारलंत का सर?"

"विचारलं."

बसच्या आवाजात तिला ऐकू गेलं नसावं, असं त्याला वाटलं. पण ऐकू गेलं होतं. ती पुढं काही विचारत नाही म्हटल्यावर त्यानंही काही सांगितलं नाही.

"बरं," रश्मी म्हणाली. मागं लेक कशाला तरी हसत होती. "तिला दात आलाय सर. खालचा, पुढचा."

"आला व्हय? चांगलं झालं," हनुमंत म्हणाला. "चांगलं झालं."